देवीची निद्रा आणि घटाचे अंकुर

भाद्रपद वद्य अष्टमीला, पितृपंधरवडा अर्ध्यावर आलेला असताना, तुळजापुरात देवीला निजवतात. नवरात्राला अजून आठवडा असतो. बालाघाटच्या डोंगरातल्या या गावात तोवर मंडप उभे राहत असतात, दुकानांतून कवड्यांच्या माळा आणि परड्या लटकू लागतात. गाभाऱ्यात मात्र वेगळी लगबग असते. देवीच्या गाद्यांचा कापूस निवडून, पिंजून भरलेला असतो. संध्याकाळी अभिषेक होतो, संबळ वाजतो, ‘आई राजा उदो उदो’चा गजर होतो आणि पुजारी मूर्ती सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, ती हलवता येते, म्हणूनच हे शक्य होतं. अमावास्येपर्यंत देवी निजलेली असते. प्रतिपदेच्या पहाटे तिला जागं करून पुन्हा सिंहासनावर बसवतात, आणि त्या दिवशी घट बसतात.

या निद्रेला घोरनिद्रा म्हणतात. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी पुन्हा निजते, ती आश्विन पौर्णिमेपर्यंत, ती श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी तिसऱ्यांदा निजते, ती मोहनिद्रा. श्रमनिद्रेचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून निघतो, गावोगाव मुक्काम करत तुळजापूर गाठतो. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगर-भिंगार भागातून येते. निद्रेच्या दिवसांत मूर्तीला नेहमीचे पंचामृताचे अभिषेक होत नाहीत, सुगंधी तेल लावतात. देवी पलंगावर असते तोवर भक्तांच्या अनेक घरांत माणसं स्वतः गादीवर झोपत नाहीत, जमिनीवर अंथरूण टाकतात.

निजणं आणि उठणं ही आपल्या देवळांत नवी गोष्ट नव्हे. शेजारती रोजच होते, काकडआरतीने देव रोज उठतात. पण पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला नेमकं उलट घडतं. यात्रा जवळ आली की विठ्ठलाचा पलंग काढतात, शेजारती थांबते आणि देव रात्रंदिवस भक्तांसाठी उभा राहतो. तुळजापुरात गर्दी लोटायच्या आधीच देवीला विश्रांती मिळते आणि गर्दी ओसरायच्या आत पुन्हा मिळते. दोन्ही रीती महाराष्ट्राच्याच, दोन्हीकडे तीच अठरापगड माणसं जातात. तेव्हा या फरकात काही अर्थ असणार. नवरात्र हा शक्तीचा उत्सव, आणि त्या शक्तीच्या आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या पीठात उत्सवाची सुरुवात निद्रेने होते. ही गोष्ट समजून घेतली तर नवरात्रात आपण नेमकी कशाची पूजा करतो, याचा बराचसा उलगडा होतो, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी नवरात्रात ज्या ग्रंथाचा पाठ होतो त्या सप्तशतीकडे वळावं लागेल. देवीमाहात्म्य हे तिचं मूळ नाव. मार्कंडेय पुराणातले हे १३ अध्याय. साधारण सहाव्या शतकाच्या आसपास ते रचले गेले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. महिषासुराची कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण ग्रंथाची सुरुवात ना युद्धाने होते ना देवांच्या सभेत. ती होते दोन हरलेल्या माणसांपासून. सुरथ नावाचा राजा राज्य गमावून, शिकारीच्या मिषाने घोड्यावर बसून रानात निघून आलेला आहे. तिथे त्याला समाधी नावाचा वाणी भेटतो. पैशाच्या लोभाने बायको-मुलांनी त्याला घराबाहेर काढलं आहे. राजाला रानातही काळजी आहे ती आपल्या हत्तीची, खजिन्याची, दगा दिलेल्या चाकरांची. वाण्याला काळजी आहे ती ज्यांनी हाकललं त्याच मुलांची. दोघांनाही हे कळतं की ही माया लावण्यात अर्थ नाही, आणि तरीही जीव तुटतो. दोघे मेधा ऋषींच्या आश्रमात जातात आणि विचारतात, आम्हाला समजतं तरी असं का होतं?

हा प्रश्न कुठल्याही घरात, कुठल्याही काळात विचारला जाईल असा आहे. ऋषी त्यांना रागावत नाहीत, वैराग्याचा उपदेशही करत नाहीत. ते म्हणतात की पक्षीसुद्धा स्वतः उपाशी राहून पिलांच्या चोचीत दाणा घालतात. ही ओढ महामायेची आहे, जिने सगळं जग धरून ठेवलं आहे. मग ती महामाया कोण, हे सांगण्यासाठी तीन कथा येतात.

पहिल्या कथेत देवी हाती शस्त्र घेतच नाही. प्रलयानंतर सगळीकडे पाणी आहे, शेषावर विष्णू झोपले आहेत, आणि त्यांच्या कानातल्या मळातून निघालेले मधू-कैटभ ब्रह्मदेवाला मारायला धावले आहेत. ब्रह्मदेव विष्णूंना हाक मारत नाही. तो विष्णूंच्या डोळ्यांत वस्तीला असलेल्या झोपेची प्रार्थना करतो. ती योगनिद्रा हीच देवी. ती प्रसन्न होऊन डोळ्यांतून, मुखातून, हृदयातून बाहेर पडते, तेव्हा कुठे विष्णू जागे होतात आणि लढाई सुरू होते. जगाचा पालनकर्ता तिच्या मर्जीने झोपतो आणि तिच्या मर्जीने उठतो. तुळजापूरच्या नवरात्रात देवीला जे विशेष अलंकार घालतात, त्यांत एक शेषशायी अलंकार आहे. रथ अलंकार, मुरली अलंकार, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी या ओळीत तो बसतो. देवीला शेषावर निजलेल्या विष्णूच्या रूपात सजवणं पाहणाऱ्याला प्रथम कोड्यात टाकतं. पण ज्या डोळ्यांत ती राहिली त्या देवाचं रूप तिने घेतलं, हे या पहिल्या कथेवरून लगेच उमगतं.

पाचव्या अध्यायात शुंभ-निशुंभांनी त्रस्त झालेले देव हिमालयावर जाऊन तिची स्तुती करतात. ही स्तुती अनेकांना पाठ असते. भूतमात्रांत देवी कोणकोणत्या रूपाने राहते याची ती मोठी मालिका आहे, आणि ती कान देऊन ऐकली तर थक्क व्हायला होतं. बुद्धी आहे, श्रद्धा आहे, दया आहे, स्मृती आहे, आईपण आहे, हे अपेक्षितच. पण त्याच पंगतीत झोप आहे, भूक आहे, तहान आहे, सावली आहे, लाज आहे. आणि शेवटाकडे भ्रांती आहे, म्हणजे माणसाचा गोंधळ, त्याची चूकसुद्धा. चांगलं तेवढं देवीचं आणि बाकीचं आपलं अशी वाटणी ग्रंथ करत नाही. दुपारी बाळाला लागलेली भूक, दिवसभर कापणी करून आलेल्या बाईच्या डोळ्यांवर आलेली झापड, हीही तिचीच रूपं. नमस्कार त्यांनाही आहे.

म्हणून निजलेली भवानी मला थकलेल्या देवतेची लोभस कल्पना एवढीच वाटत नाही. शक्ती सतत पेटलेली राहत नसते, ती मावळते आणि पुन्हा भरून येते, हे त्या विधीत करून दाखवलेलं तत्त्व आहे. भाद्रपदाचा शेवट म्हणजे पावसाळा सरत आलेला, खरीप शेतात उभा, रब्बीची पेरणी पुढे. जमीनसुद्धा त्या काळात दोन कामांच्या मध्ये असते.

आणि घरोघरी जे घट बसतात त्यांत तर ही जमीनच देव्हाऱ्यात येते. नवरात्राचा गाभा मूर्तीपेक्षा घटात आहे, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. मोठ्या मूर्तीची सार्वजनिक दुर्गापूजा आपल्याकडे तुलनेने अलीकडची. घट मात्र गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या बसतात. शेतातली काळी माती चाळून आणायची, पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची. गहू, ज्वारी, साळ, जव, मूग, हरभरा, करडई, जे घरात पिकतं ते धान्य त्यात पेरायचं. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, त्यात सुपारी आणि नाणं, तोंडाशी विड्याची किंवा आंब्याची पानं, वर नारळ. शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा. वरून रोज एक फुलांची माळ सोडायची: झेंडू, तिळाची फुलं, कारळ्याची पिवळी फुलं. दिवसही मग तारखेने मोजत नाहीत. आज तिसरी माळ, उद्या चौथी माळ, सातव्या माळेला फुलोरा बांधायचा, असा हिशेब चालतो.

घट कच्चा-पक्का भाजलेला, बिनलेपाचा असतो. त्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतालची माती ओली राहते. वरून फारसं शिंपावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती तडकल्यासारखी दिसते, मग पांढरी मुळं, मग कोंब. देव्हाऱ्यात ऊन पोचत नाही म्हणून अंकुर उंच आणि फिकट पिवळे वाढतात. प्रकाश मिळाला नाही तर पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. हे पिवळेपण घरच्या बायकांना फार शुभ वाटतं, त्याला धनच म्हणतात. दसऱ्याला घट उठले की पुरुष ते धन टोपीत-पागोट्यात खोवतात, बायका अंबाड्यात माळतात, थोडं शेतात नेऊन ठेवतात. कोणतं धान्य किती जोमाने उगवलं हे जुनी शेतकरी माणसं निरखून पाहत. हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या सुमाराला सोलापूर-मराठवाड्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी होते, तेव्हा बियाण्याचा जोर कळण्याची ही वेळही नेमकी असे. पूजा आणि शेतीची परीक्षा एकाच मातीत चालली, तर त्यात कुठल्याच बाजूला उणेपणा नाही.

या अंकुरांचा ग्रंथाशी थेट संबंध आहे. अकराव्या अध्यायात देवी पुढच्या अवतारांची वचनं देते. त्यांत एक असं, की शंभर वर्षं पाऊस न पडता पृथ्वी करपेल तेव्हा पाऊस येईपर्यंत मी माझ्याच देहातून उगवलेल्या भाजीपाल्याने जगाला जगवीन, आणि तेव्हा लोक मला शाकंभरी म्हणतील. कोरडवाहू मुलखात या वचनाचं वजन वेगळं असतं. तुळजापुरात पौषात शाकंभरी नवरात्र का होतं, हे धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. परडीतल्या मातीत पेरलेलं धान्य उगवतं तेव्हा शाकंभरीची कथा घरात, आपल्या डोळ्यांदेखत घडत असते.

रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात देवीच्या अशाच फार जुन्या खुणांचा माग काढला आहे. मस्तकाच्या जागी कमळ असलेली, सृजनाच्या मुद्रेत बसलेली ही देवी. तुळजापूरपासून फार लांब नसलेल्या तेरच्या उत्खननात तिच्या छोट्या मूर्ती मिळाल्या आहेत. सातवाहन काळात तेर हे भरभराटीचं व्यापारी नगर होतं. भरलेला कुंभ, वारूळ, पृथ्वी आणि आईचं उदर ही सगळी त्या एकाच शक्तीची प्रतीकं कशी, ते ढेऱ्यांनी रेणुका-यल्लम्मांच्या उपासनेतून उलगडून दाखवलं. माहूरला रेणुकेचं फक्त मुख पूजेला आहे, बाकी देह दिसत नाही. तो देह म्हणजे ही भूमी, हा अर्थ भाविकांनी फार पूर्वीच लावलेला आहे. ढेऱ्यांची पुस्तकं वाचल्यावर आपल्या आजीने मांडलेल्या घटाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

घटाचं आणखी एक रूप कोकणस्थांच्या घरांत अष्टमीला दिसतं. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी उभी करतात. लग्न झाल्यावर पहिली पाच वर्षं मुली तिची पूजा करतात, आणि रात्री बायका घागरी फुंकतात. धुपावर धरलेली घागर तोंडाशी आणून तिच्यात श्वास सोडायचा. पोकळीतून खोल, घुमणारा आवाज येतो, तालाला पाय पडू लागतात, आणि काही जणींच्या अंगात वारं येतं. रिकामी घागर आणि माणसाचा श्वास यांपलीकडे यात काहीच साधन नसतं.

आता महिषासुराकडे येऊ. त्याच्यावर विजय मिळवणं हा नवरात्राचा रूढ अर्थ. दुसऱ्या कथेत देवी कशी प्रकटते ते मात्र बारकाईने पाहायला हवं. हरलेल्या देवांच्या संतापातून तेज बाहेर पडतं, ते सगळं एकवटतं आणि त्यातून ती उभी राहते. शंकर त्रिशूळ देतात, विष्णू चक्र देतात, हिमालय सिंह देतो. सप्तशृंगगडावरची मूर्ती १८ हातांची आहे. प्रत्येक हातातलं आयुध कुणा ना कुणा देवाने दिलेलं. एकेकट्या देवाला जे जमलं नाही ते सगळ्यांचं एकवटलेलं तेज करतं. गडाच्या पायथ्याशी महिषासुराचं शिरही पूजेत आहे, भाविक त्याचंही दर्शन घेतात. दख्खनच्या पठारावर या महिषाशीच नातं सांगणारा म्हसोबा हा गुराखी-धनगरांचा, शेताच्या बांधावरचा मोठा राखणदार देव. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात म्हसोबा आणि देवी यांच्या गुंतागुंतीच्या नात्याकडे लक्ष वेधलं. काही ठिकाणी ती म्हसोबाची वैरीण, काही ठिकाणी बायको. लोकपरंपरेने रेड्याला निव्वळ दुष्ट ठरवून टाकलं नाही, ही मला तिच्या शहाणपणाची खूण वाटते. कथेतला महिषासुरही रूपं बदलत राहतो. रेडा, सिंह, माणूस, हत्ती, पुन्हा रेडा. देवी त्याच्यावर पाय देते आणि तो रेड्याच्या मुखातून अर्धा बाहेर येतो तेव्हा त्याचा वध होतो. आपल्यातलं जे आडदांड, आंधळं बळ आहे ते एका सोंगातून दुसऱ्या सोंगात शिरत असतं, आणि ते सोंग टाकून बाहेर येत असतानाच पकडता येतं. एकनाथांनी आपल्या जोगव्यात महिषासुराला मोहाचं नाव दिलं ते याच अंगाने. पैठणच्या या वारकरी संताने शक्तीच्या उपासकांची भाषा, त्यांची परडी, त्यांचा पोत आपलासा केला आणि तिच्यातून अद्वैत सांगितलं.

कोल्हापूरची ललिता पंचमी या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते. पाचव्या माळेला अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेकडच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या, म्हणजे लोकांच्या टेंबलाईच्या भेटीला जाते. कथा अशी, की कोल्हासुराच्या मुलाने देवांना जनावरं करून डांबून ठेवलं होतं, तेव्हा त्र्यंबोलीने त्यांना सोडवलं. पुढे विजयाचा सोहळा झाला आणि आनंदाच्या भरात तिला बोलावणं राहून गेलं. ती रुसली, टेकडीवर जाऊन शहराकडे पाठ करून बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली, आणि तिच्या आग्रहावरून तिथे असुरवध पुन्हा करून दाखवला. आजही मानाची कुमारिका त्रिशुळाने कोहळा फोडते, आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी गर्दीची झुंबड उडते. असुर मेला तरी उत्सव पुरा झालेला नव्हता. जिच्यामुळे विजय मिळाला तिची आठवण राहिली नव्हती, म्हणून खुद्द आदिशक्तीला पालखीत बसून माफी मागायला जावं लागलं. शक्तीच्या किती कथांत असं कबूल केलेलं आढळेल? कोल्हापूरकर मात्र दर वर्षी ही भेट घडवून आणतात.

तिसऱ्या कथेच्या अखेरीस शुंभ देवीला टोमणा मारतो, की तू दुसऱ्यांच्या जिवावर लढतेस आणि गर्व करतेस. त्या वेळी तिच्याभोवती ब्राह्मी, वैष्णवी, चामुंडा अशा कितीतरी देवी लढत असतात. ती उत्तर देते की या जगात मी एकटीच आहे, माझ्याहून दुसरी आहेच कोण? आणि त्या सगळ्या तिच्यात विरून जातात. आमच्या घरांतलं कुमारिकापूजन, सवाष्णीची ओटी भरणं, खंडेनवमीला कोयत्या-विळ्याला, रंध्याला, शिलाई यंत्राला, पाना-पक्कडीला गंध लावणं, दसऱ्याला मुलांच्या पाटीवर सरस्वती काढणं यांना एकत्र बांधणारा धागा हा आहे. ती एकच, आणि ती सगळ्यांत. गेल्या वीसेक वर्षांत वर्तमानपत्रांमुळे नऊ दिवसांचे नऊ रंग घराघरांत पोचले. त्यांना शास्त्राचा आधार नाही, तरी कार्यालयात सगळ्या जणी एका रंगात दिसल्या तर त्यात आनंदच आहे. फक्त नवरात्राचा अर्थ तेवढ्यावर थांबू नये.

एका बाबतीत मात्र आपण या अर्थाशी उघड उघड विसंगत वागतो. ओटी सवाष्णीची, हळदीकुंकू सवाष्णीला, आणि ज्या घरात नवरा गेला त्या घरातली बाई घटाच्या कडेला उभी. ती पहाटे उठून सोवळ्यातला स्वयंपाक करते, दिव्यात तेल घालायला रात्री दोनदा जागी होते, पण कुंकवाची कुयरी तिच्यापुढे येत नाही. भूतमात्रांत देवी आहे असं ज्या मुखाने आपण म्हणतो, त्याच मुखाने हिला वगळायचं कसं? दशमहाविद्यांमधली धूमावती तर स्वतः विधवा आहे, आणि तिची उपासना करणाऱ्यांनी तिला देवीपदावरून कधी खाली उतरवलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यांसारख्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. देवीच्या उपासनेचा अर्थ सांगणाऱ्या कितीतरी प्रवचनांपेक्षा मला हा ठराव अधिक मोलाचा वाटतो. ज्या घरांत आता सगळ्या बायकांना कुंकू लावतात, त्या घरांनी परंपरा मोडलेली नाही, ती नीट वाचली आहे.

सप्तशतीच्या शेवटी ऋषींच्या सांगण्यावरून सुरथ आणि समाधी नदीकाठी मातीची देवी करतात आणि तीन वर्षं तिची पूजा करतात. देवी प्रकट होऊन मागा म्हणते. राजा आपलं गेलेलं राज्य मागतो, आणि पुढच्या जन्मातही न ढळणारं राज्य मागतो. वाणी म्हणतो, मी आणि माझं हा भाव ज्याने सुटेल ते ज्ञान मला दे. एकाने संसार मागितला, दुसऱ्याने संसारातून सुटका. देवी दोघांनाही देते. तुझं मागणं हलकं आणि याचं थोर, असं ती म्हणत नाही. राजा पुढे सावर्णी मनू होईल असंही वर सांगते. ज्या ओढीला सुरुवातीला दोघे मोह म्हणत होते ती ओढही तिची, आणि त्या ओढीतून बाहेर पडायची वाटही तिचीच, हे इथे पुरतं स्पष्ट होतं.

तुळजापूरच्या रांगेत म्हणूनच सगळी मागणी चालतात. कुणी मुलासाठी नवस बोललेलं असतं, कुणाला कर्ज फिटायला हवं असतं, कुणी नुसतं पाहायला आलेलं असतं. सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसं अनवाणी चालत येतात. आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागण्याचा नवस आजही बोलला जातो. ज्या बाईच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे तिलाही परडी हातात घेऊन दारात उभं राहावं लागतं, आणि समोरच्या घरातून पीठमीठ जे येईल ते घ्यावं लागतं. नवस फेडायला आलेल्या श्रीमंत घरच्या सुनेला वाढणारी बाई कधी कधी तिच्याच शेतात खुरपायला जाणारी असते. वाढताना ती परडीला हात लावून नमस्कार करते, आणि मागणारीही तिला करते.